फोनवरच्या गेमसाठी फॉरवर्ड की डिफर्ड?

समजा, गोव्यातल्या जत्रेवर फोनसाठी गेम करताय. रात्रीची वेळ, मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ उजळलेला. एवढे दिवे म्हटल्यावर कुणीतरी सांगणारच, डिफर्ड रेंडरिंग घ्या, म्हणजे चित्र काढताना उजेडाचा हिशेब शेवटी एकदम करा. पीसीपुरता हा सल्ला ठीक आहे. फोनचं गणित वेगळं.

माली, पॉवरव्हीआर किंवा अ‍ॅपलची चित्र काढणारी चिप (जीपीयू) त्या चित्राचे छोटे चौकोन, म्हणजे टाइल्स पाडते (बऱ्याच मालींत 16×16 पिक्सेल). एकेक टाइल चिपच्या आतल्या मेमरीत पुरी करायची आणि मगच रॅममध्ये टाकायची. अ‍ॅड्रिनोच्या टाइल्स बऱ्याच मोठ्या, पण तत्त्व तेच. रॅमची ये-जा जितकी कमी, तितकी बॅटरी जास्त टिकते.

डिफर्डची मेख इथेच आहे. रंग, नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) वगैरे प्रत्येक पिक्सेलची माहिती आधी जी-बफर नावाच्या साठ्यात भरायची आणि उजेडाचा हिशेब नंतर करायचा. 1920×1080 वर पिक्सेलमागे 16 बाइट धरले, तर कॉम्प्रेशन नसताना एका फ्रेमला सुमारे 33 एमबी होतात. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे 2 जीबी लिहायचे, वर तेवढेच परत वाचायचे. माली बनवणाऱ्या आर्म कंपनीचा ढोबळ हिशेब सेकंदाला एक जीबीमागे 80 ते 100 मिलीवॉटचा आहे. म्हणजे नुसत्या ने-आणीत 320 ते 400 मिलीवॉट गेले. मे महिन्यात दुपारी मिरामारला असा गेम खेळून बघा, फोन हातात धरवणार नाही.

यावर उपाय आहे. वल्कनमध्ये (अँड्रॉइडवर जीपीयूला आज्ञा द्यायची पद्धत) दोन्ही टप्पे एकाच रेंडर पासचे सबपास, म्हणजे एकाच फेरीचे भाग करायचे आणि जी-बफरचं स्टोअर ऑप ‘डोन्ट केअर’ ठेवायचं, म्हणजे तो रॅममध्ये लिहू नको असं सांगायचं. अ‍ॅपलच्या मेटलमध्ये त्यासाठी मेमरीलेस टेक्स्चर, म्हणजे रॅममध्ये जागाच न घेणारं, वापरायचं. मग जी-बफर टाइलमध्येच जन्मतो आणि तिथेच संपतो. अट एकच, तो टाइलमध्ये मावला पाहिजे. जुन्या मालींत पिक्सेलमागे 128 बिटच मिळतात.

फॉरवर्डमध्ये वस्तू काढतानाच तिच्या उजेडाचा हिशेब होतो, म्हणून त्याला हा व्याप नाही. 4एक्स एमएसएए (दातेरी कडा गुळगुळीत करणं) टाइलमध्येच उरकतो, म्हणून स्वस्तात पडतो. धूर, पाऊस यांसारख्या पारदर्शक गोष्टी वेगळा घाट न घालता काढता येतात. दिवे वाढले की मात्र शेडर, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणारा प्रोग्रॅम, जड होतो. तेव्हा दृश्याचे छोटे भाग (क्लस्टर) करून प्रत्येकाला जवळच्या दिव्यांचीच यादी द्यायची. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक पणतीला खरा दिवा लागतोच कशाला? पणती नुसती चमकती ठेवा, मजल्यामागे एक दिवा पुरे.

माडांच्या झावळ्या मात्र दोन्हीकडे छळतात. पात्यांमधल्या फटींसाठी शेडरमध्ये डिसकार्ड (पिक्सेल टाकून देण्याची आज्ञा) आला की झाकले जाणारे पिक्सेल आधीच वगळणं चिपला जड जातं. म्हणून आधी देऊळ, जमीन असं भरीव सगळं काढायचं, मग झावळ्या, शेवटी धूर.

माझं मत फॉरवर्डला. डिफर्ड हवंच असेल, तर जी-बफर टाइलमध्ये मावतो हे आधी कागदावर मांडा. मग स्ट्रीमलाइन किंवा स्नॅपड्रॅगन प्रोफायलर या मोजणीच्या साधनांमध्ये रॅमचे आकडे तपासा, तेही हातातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर.