झाडू मारणाऱ्या रोबोसोबत नऊ महिने: त्याला घरातली वाट कशी सापडते

कोथरूडमधल्या आमच्या दोन बेडरूमच्या घरात जानेवारीत झाडू-पोछा करणारा रोबो आला. तो धूळ किती उचलतो याबद्दल माझी फारशी तक्रार नाही आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिते आहे ते तो घरात वाट कशी काढतो याविषयी, कारण अशा यंत्रासाठी जास्तीचे पैसे मोजायचे ते मुख्यतः याच एका गोष्टीसाठी, असे माझे मत या नऊ महिन्यांत पक्के झाले आहे.

याआधी आमच्याकडे एक स्वस्तातला रोबो होता. तो भिंतीवर आपटायचा, थोडासा वळायचा आणि पुढच्या वस्तूवर आपटायला निघायचा. 2002 साली बाजारात आलेली 'रूम्बा' नावाच्या झाडू-रोबोची पहिली आवृत्तीही बरीचशी अशाच पद्धतीने फिरत असे, त्यामुळे त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण तास-दीड तास फिरूनही डायनिंग टेबलाखाली तीनदा झाडलेले आणि देवघरासमोर एकदाही नाही, असा प्रकार रोजचा होता.

नवा रोबो हॉलमध्ये सरळ, समांतर पट्टे मारताना पाहून शेजारच्या काकांनी विचारले, "याला जीपीएस असणार, नाही का?" तसे काही नसते. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून फिरतात, त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो आणि सिमेंटच्या स्लॅबखाली तो धडपणे मिळतही नाही. शिवाय मोकळ्या मैदानातसुद्धा मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक राहते. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढी चूक म्हणजे यंत्र थेट शेजाऱ्यांकडे.

त्याऐवजी हा रोबो दोन प्रकारे अंदाज बांधतो. चाके किती फिरली हे तो मोजतो आणि किती वळलो हे आतल्या जायरोस्कोपवरून ओळखतो. पण वीज गेल्यावर आपण पावले मोजत स्वयंपाकघराकडे निघालो, की प्रत्येक पावलाची लहानशी चूक साठत जाते आणि शेवटी ओट्याऐवजी फ्रिजला हात लागतो, तसेच त्याचेही होते. म्हणून डोक्यावरचा लहानसा मनोरा सतत गरगर फिरत असतो. त्यातून निघणारा लेसरचा किरण भिंतींवरून, कपाटांवरून परत येतो, त्यावरून चहूबाजूंची अंतरे कळतात आणि ती नकाशाशी ताडून रोबो आपली चूक सुधारतो. किरण त्याचा स्वतःचा असल्याने दिवे मालवले तरी काही अडत नाही.

पहिल्या दिवशी मात्र नकाशाच नसतो. नकाशा काढायचा तर आपण कुठे आहोत हे कळायला हवे आणि आपण कुठे आहोत हे कळायचे तर नकाशा हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलाच हा प्रकार. दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या, एकमेकींच्या आधाराने पुढे न्यायच्या, हा यावरचा उपाय, आणि त्या तंत्राला 'स्लॅम' म्हणतात. आमच्याकडे पहिला नकाशा दहा-बारा मिनिटांत तयार झाला आणि तो अॅपमध्ये उमटताना पाहणे हा या खरेदीतला सर्वांत आनंदाचा भाग होता.

तो आनंद फार टिकला नाही. नकाशात आमच्या बेडरूमच्या पलीकडे आणखी एक खोली दिसू लागली, जिथे वस्तुतः इमारतीची बाहेरची भिंत आहे आणि तिच्यापुढे तीन मजल्यांखाली पार्किंग. कपाटाच्या दारावर जमिनीपर्यंत आरसा आहे. त्यावरून परावर्तित झालेला किरण खोलीभर फिरून येई आणि रोबोला वाटे की समोर मोकळी जागा आहे. लेसर ज्या उंचीवरून फिरतो, तिथे, म्हणजे जमिनीपासून साधारण नऊ-दहा सेंटिमीटरवर, आरशाला कागदाची एक आडवी पट्टी चिकटवून घर पुन्हा नकाशा काढायला दिले, तेव्हा ती खोली नाहीशी झाली. पट्टी अजून तिथेच आहे आणि साडी नेसताना रोज डोळ्यांत खुपते.

दुसरा घोटाळा सतरंजीचा. सतरंजीची कड चाकांत गोळा झाली, चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि रोबोच्या हिशेबात मात्र तो पुढे गेलेला. सुटल्यानंतर त्याने हॉलची एक भिंत नकाशात दुसऱ्यांदा, थोडी तिरकी काढली. आता रोबो सोडण्याआधी सतरंजी गुंडाळते.

धुणे-भांडी करणाऱ्या मावशी त्याला काम चालू असताना उचलून बाजूला ठेवतात, हेही नित्याचे. रोबोशास्त्रात या प्रसंगाला चक्क 'अपहरण' म्हणतात. बहुतेक वेळा तो जागीच एक गिरकी घेतो, भोवतालचा आकार ओळखतो आणि कामाला लागतो. पण आमच्या दोन्ही बेडरूम मापाने जवळजवळ सारख्या आहेत आणि पलंगही एकाच बाजूला. तिथे तो दोनदा फसला आणि सासूबाईंच्या खोलीत राहून आमची खोली झाडल्याची नोंद करून बसला. तेव्हापासून त्यांच्या खोलीत दाराजवळ एक स्टूल ठेवले आहे, तेवढा फरक त्याला पुरतो. गणपतीत मखर आणि पाहुण्यांच्या गाद्यांनी हॉलचे रूप पालटले, तेव्हा नकाशाची प्रत आधी जतन करून मी रोबोला दहा दिवस सुट्टीच दिली.

लेसर एकाच पातळीत पाहतो, ही मर्यादा विकत घेण्यापूर्वी कोणीतरी सांगायला हवी होती. चपला आणि चार्जरच्या वायरी त्याच्या नजरेखालून सुटतात, आणि देवघरासमोरची रांगोळी तर त्याच्या लेखी निव्वळ पूड. त्या सकाळी घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. अॅपमध्ये तिथे आता 'नो-गो झोन' आखला आहे. पोटाखालचे सेन्सर पायरीवरून पडू नये म्हणून असतात, पण काळ्या पायपुसण्यावरून प्रकाश पुरेसा परत येत नसल्याने त्यालाही ते दरी समजतात.

या सगळ्यावर वैतागले असताना चंद्रयान-3 सोबत चंद्रावर गेलेल्या 'प्रज्ञान' या सहाचाकी रोबोची आठवण होते. तिथेही जीपीएस नाही. 27 ऑगस्ट 2023 रोजी त्याच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला आणि पृथ्वीवरून आज्ञा देऊन त्याला मागे फिरवावे लागले. आमच्या रोबोला पायपुसण्यावरून मी हाताने मागे घेते, इतकेच.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली, पलंग आणि दिवाण यांच्याखालची उंची: मनोऱ्यामुळे हा रोबो दिवाणाखाली शिरत नाही, जुना बुटका रोबो शिरत असे. दुसरी, चार्जिंगचा स्टँड. नकाशावरून रोबो स्टँडच्या समोर येतो खरा, पण शेवटची हातभर वाट स्टँडमधून निघणाऱ्या इन्फ्रारेड संकेतावर काढतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की स्टँड गप्प होतो. मग रोबो बरोबर त्याच्यापुढे येऊन डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, पुन्हा मागे जाऊन येतो आणि बॅटरी संपेपर्यंत तिथेच घुटमळत राहतो. आता गुरुवारी त्याला सोडत नाही. झाडू मीच घेते.