बर्फाखालचे भय, मालवणच्या ओटीवर

मायकेल कुसुगाक यांचे ‘अ प्रॉमिस इज अ प्रॉमिस’ हे पुस्तक भर पावसाळ्यात मालवणला मागवले, आणि ते कोपऱ्यांशी ओले होऊन आले. विक्रेत्याने वेष्टनाला प्लॅस्टिकचा एक पदर लावला असता, तर ही तक्रार उरली नसती. १९४८ साली कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशात जन्मलेल्या आणि आजीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, लेखकाने १९८८ मध्ये रॉबर्ट मन्श यांच्यासह लिहिलेले हे पहिले पुस्तक. गोठलेल्या समुद्राच्या भेगांपाशी एकटे जाणाऱ्या मुलांना पाण्याखाली ओढून नेणाऱ्या जीवांशी त्यातली मुलगी गुंतते, आणि तिची आई त्यांना शक्तीने नव्हे, युक्तीने हरवते. उधाणाच्या दिवसांत आमच्या आज्या अशीच भीती घालत, त्यामुळे सातवीतल्या भाचीला हे बर्फाळ जग परके वाटले नाही. इंग्रजीही सोपे आहे. मला मात्र त्यांनी पुढे एकट्याने लिहिलेले ‘नॉर्दर्न लाइट्स: द सॉकर ट्रेल्स’ (१९९३) अधिक भावले, आई गमावलेल्या मुलीला आजी त्यात सांगते, की आकाशातला तो हलता प्रकाश म्हणजे चेंडू खेळणारे मृतांचे आत्मे आहेत. व्लाद्याना क्रिकोर्का यांची चित्रे दोन्ही पुस्तकांत आहेत.