क्रिप्टो साक्षरता शिबिर, आमच्या पतसंस्थेचा हॉल: पाचपैकी चार स्टार

गावाकडं क्रिप्टोचं, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाचं, नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, साखळी स्कीम आहे का? आणि तो बरोबरच आहे, गेनबिटकॉइनवाल्यांनी महिन्याला १० टक्के, तेही १८ महिने देतो म्हणून लोकांना बुडवलं, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला पकडलं, हे लोक विसरलेले नाहीत. त्यामुळे अर्धा हॉल तर हे आपल्याला काय विकायला आलेत तेच बघायला आला होता.

शिकवणाऱ्या मॅडमनी सुरुवातच गेनबिटकॉइनपासून केली हे मला सगळ्यात आवडलं. फळ्यावर १ लाख लिहिले आणि विचारलं, याचे महिन्याला १० हजार द्यायचे तर आणायचे कुठून? मागच्या रांगेतले एक काका म्हणाले, नवीन येणाऱ्याच्या खिशातून. मॅडम म्हणाल्या, बरोबर काका, मग यात बिटकॉइनचा संबंध कुठं आला? तिथून पुढं लोक खरंच ऐकायला लागले.

मग वॉलेटचं, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या अ‍ॅपचं, प्रात्यक्षिक. अ‍ॅपनं दिलेले १२ शब्द कागदावर उतरवले, थोडी रक्कम टाकली, अ‍ॅप डिलीट केलं, दुसऱ्याच फोनवर तेच शब्द टाकले आणि शिल्लक परत दिसली. बचत गटाच्या एका ताईंनी विचारलं, कागद हरवला तर? मॅडम म्हणाल्या, फोनपण गेला तर पैसे गेले, बँकेत जाऊन अर्ज करतो तसं इथं काही नाही, आणि कागद दुसऱ्याच्या हाती लागला तरी गेलेच. काही लपवलं नाही, आडपडदा नाही, म्हणून विश्वास बसला.

टॅक्सचं पण नीट सांगितलं. नफ्यावर सरळ ३० टक्के, वर सेस, विकताना १ टक्का टीडीएस, हे २०२२ पासून आहे. एका कॉइनमध्ये १० हजार कमावले आणि दुसऱ्यात १० हजार घालवले तरी ३ हजार आणि वर सेस भरायचाच, तोटा वजा होत नाही. हे गणित फळ्यावर आल्यावर तरुण पोरं एकदम गप्प झाली, कारण रील्समध्ये हे कुणी सांगत नाही.

एक स्टार कापला तो एल साल्वाडोरमुळं. २०२१ मध्ये त्या देशानं बिटकॉइन अधिकृत चलन केलं, सरकारी वॉलेट घेणाऱ्याला ३० डॉलर दिले, एवढंच सांगून पुढं गेले. अहो २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलून दुकानदारांवरची बिटकॉइन घ्यायची सक्ती काढली ना, ते कोण सांगणार? शंका असलेल्या माणसाला अर्धी गोष्ट सांगितली आणि उरलेली त्याला मोबाईलवर सापडली की तो परत हॉलमध्ये येत नाही. एक्स्चेंजचा, म्हणजे जिथं क्रिप्टोची खरेदी-विक्री होते त्या कंपन्यांचा, विषय पण शेवटी घाईत उरकला. वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजवर जुलै २०२४ मध्ये २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली त्यावर एक शब्द नाही. एक्स्चेंजची एफआययूकडं (संशयास्पद व्यवहार तपासणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदणी आहे म्हणजे पैसे सुरक्षित असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती नोंदणी मनी लाँडरिंगवर, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्यावर, नजर ठेवायला असते, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो तसा काही प्रकार इथं नाही. हे सांगायलाच पाहिजे होतं.

फी काही नाही, चहा मिळाला, कुठलं अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं नाही की नंबर मागितला नाही. स्लाइड मात्र इंग्रजीत होत्या, त्या मराठीत करा, आणि टॅक्सचं ते गणित छापून हातात द्या, लोक घरी नेऊन पोरांना दाखवतील.