कॉम्प्युटर कॅबिनेटचे नवे पंखे: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव, आधीच्या गाढवपणासकट

कोल्हापुरात मंगळवार पेठेत जुन्या घराच्या माळ्यावर माझं एडिटिंगचं काम चालतं. दिवसा लग्नाचे व्हिडिओ कापायचे आणि रात्री गल्ली गप झाली की रिक्षावर भोंगा लावून फिरवतात त्या जाहिराती रेकॉर्ड करायच्या. भोंग्यातून काहीही खपतं, त्यामुळे कॉम्प्युटरची घरघर माझ्या आवाजात मिसळते याकडे मी दीड वर्ष काणाडोळा केला. या जानेवारीत एका माहितीपटाचं निवेदन हाती आलं. ही हेडफोन लावून ऐकणारी माणसं. दुसऱ्या दिवशी फोन: "मागं गिरणी चालू होती काय हो?" सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन (मागचा आवाज पुसायची सोय) मारून बघितलं. घरघर गेली, पण माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला.

फेब्रुवारीत नॉक्टुआचे तीन पंखे घेतले, एनएफ-पी१२ रिडक्स-१७०० पीडब्ल्यूएम. एक साधारण दीड हजाराला पडला, म्हणजे साडेचार हजार गेले. आता नोव्हेंबर आहे. पंखे चांगले आहेत, त्याबद्दल पुढं लिहितोच. पण आवाज जेवढा उतरला त्यातला मोठा वाटा फुकटच्या उद्योगांचा आहे आणि ते मी कितीतरी आधी करायला पाहिजे होते.

मशीन २०२३ मध्ये जोडून घेतलेलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, त्याच्यासोबत आलेलाच कूलर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी आणि जुन्या फुटेजसाठी ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे) हार्ड डिस्क. कॅबिनेट दुकानदारानं गळ्यात मारलेलं: पुढं काच, काचेमागं रंगीत दिव्यांचे तीन पंखे, मागच्या बाजूला एक साधा काळा. दिसायला ऑर्केस्ट्राचं स्टेज. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या भावात असलीच कॅबिनेटं ढिगानं मिळतात आणि सगळ्यांची तऱ्हा थोड्याफार फरकानं एकच.

माझा पहिला अंदाज प्रोसेसरच्या कूलरवर. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलली, अर्धा दिवस गेला, आवाज होता तिथंच. दुसरा अंदाज धुळीचा. माझे काका उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर आहेत. त्यांच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर आहे, म्हणून मागचा पंखा काढून तिकडं नेला आणि नळी लावून दिली हवा. पंखा असा फिरला की विमान सुटतंय असं वाटलं. मजा आली, धूळ गेली आणि बेरिंगही गेलं. घरी आणून लावला तर आधी जी नुसती सळसळ होती तिथं आता खरखर. पंख्यावर हवा मारायची असेल तर पातं बोटानं धरून मारावी. नाहीतर तो त्याच्या ठरल्या वेगाच्या कितीतरी पुढं पळतो, आणि जोडलेला असेल तर उलटी वीज मदरबोर्डाकडे ढकलू शकतो. हे मला नंतर कळलं.

काका पुढच्या रविवारी जेवायला आले. जेवण झाल्यावर माळ्यावर चढले, दोन मिनिटं नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "स्क्रू ड्रायव्हर दे." उद्यमनगरात बेरिंगचं दुखणं असंच बघतात: स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला, मग आतलं सगळं ऐकू येतं. पण चालू मदरबोर्डाच्या शेजारी लोखंडी टोक म्हटल्यावर माझा जीव खालीवर झाला. शेवटी आईनं खालून लाटणं आणून दिलं. काकांनी लाटण्याचं एक टोक एकेका पंख्याच्या चौकटीला लावलं आणि दुसरं कानाला.

"ह्याचं बेरिंग गेलंय," मागच्या पंख्यावर. माझी मान खाली.

"हे तीन बरे हायती. पर लई जोरात पळवलाईस."

मग लाटणं बाजूच्या पत्र्यावर ठेवलं, तळहातानं पत्रा दाबला आणि निम्मी घूं घूं थांबली. "आरं, ह्यो आवाज पंख्याचा न्हवं, पत्र्याचा हाय."

मी दोन आठवडे जे शोधत होतो ते दहा मिनिटांत मिळालं. एक आवाज म्हणून आपण वैतागतो, त्यात तीन-चार वेगळे असतात, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

दाबून पाहिल्यावर थांबला तो पत्र्याचा. हार्ड डिस्क ७२०० आरपीएमनं फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ती चार स्क्रूंनी कॅबिनेटच्या सांगाड्याला घट्ट आवळलेली होती, त्यामुळे अख्खा पत्रा तिच्या तालावर थरथरत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून वॉशरसारखे मध्ये घातले, स्क्रू हातानं बसतील तेवढेच पिळले, आणि पत्र्याच्या कडेला खिडकीला लावतात ती फोमची पट्टी चिकटवली. खर्च चाळीस रुपये.

पुढच्या तिघांचा आवाज मला सगळ्यात जास्त छळायचा, कारण तो एकसारखा नव्हता. घूंऽऽ वाढायचा, घूंऽऽ उतरायचा, दर दोन सेकंदांनी. देवल क्लबात मैफलीआधी तंबोरे लावताना ऐकलं असेल: दोन तारा जवळजवळ जुळल्या पण पुरत्या नाही, की आवाज हेलकावे खातो. इथं तेच. तीन पंखे एकाच वीजजोडणीवर, पण वेगात किंचित फरक, त्यामुळे हेलकावा. तंबोऱ्याची खुंटी पिळता येते, यांना ती सोयच नव्हती. ते मोलेक्सवर होते, म्हणजे थेट पॉवर सप्लायमधून १२ व्होल्ट, दिवसरात्र पूर्ण वेगानं. बोर्डाला त्यांचा पत्ताच नाही, मग बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) कितीही डोकं घाला. मोलेक्समधली पिवळी तार १२ व्होल्टची आणि लाल ५ ची असते, म्हणून काकांच्या सांगण्यावरून लाल तारेवर लावून बघितले. दोन जागचे हललेच नाहीत, तिसरा म्हाताऱ्यासारखा फिरला.

म्हणून एका रात्री तिन्ही सरळ काढूनच टाकले आणि रेंडर लावला, म्हणजे कापलेला व्हिडिओ पक्का तयार करायला मशीनला जुंपलं. ग्राफिक्स कार्डाचं तापमान फक्त ४ अंशांनी वाढलं! पुढं काच, हवेला वाट कडेच्या बोटभर फटीची. पंखे तिथं नुसता आरडाओरडा करत होते. मग काच काढून ठेवली तर तापमान आधीच्याही खाली आलं. काकांनी शेडमधल्या छिद्रांच्या पत्र्याचा तुकडा काचेच्या मापात कापून दिला, आत मच्छरदाणीची नायलॉन जाळी. दिसायला कॅबिनेट आता कोंबड्यांच्या खुराड्यासारखं दिसतं. मला चालतं.

मागच्या काळ्या पंख्याचा किस्सा वेगळा. तो तीन पिनांचा. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून बदलतो. चार पिनांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या पिनेतून पीडब्ल्यूएमचा, म्हणजे किती वेगानं फिरायचं त्याचा, इशारा जातो. माझ्या बोर्डावर ती जागा पीडब्ल्यूएमवर ठेवलेली होती, म्हणून तीन पिनांचा बिचारा दोन वर्षं पूर्ण जोरात. बायोसमध्ये जाऊन डीसी केलं, एवढंच. कुठल्या बोर्डावर त्याला व्होल्टेज म्हणतात, कुठं डीसी. तुमचा पंखा कायम ओरडत असेल तर पैसे काढायच्या आधी हे बघा. त्याच्या बेरिंगवर मागचं स्टिकर सोलून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंबही घातले. तीन आठवडे गप बसला, मग पुन्हा खरखर. असल्या साध्या बेरिंगवर तेल म्हणजे पाहुणा, राहायला येत नाही.

मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर भरवसा ठेवू नये, पण एकाच फोननं, एकाच खुर्चीतून, रात्री बारानंतर मोजलं तर फरक तरी कळतो. सुरुवातीला ५२ डेसिबल. पुढचे तीन काढल्यावर ४६. बायोस बदलल्यावर ४२. डिस्क आणि पत्रा झाल्यावर ४०. नवे पंखे आल्यावर ३७. कॉम्प्युटर बंद असताना खोलीच ३४ दाखवते. म्हणजे साडेचार हजारांचे ३, आणि फोमची पट्टी, ट्यूब, काकांचं लाटणं यांचे १२.

मग पंखे घेतले कशाला? कारण ३७ वर आता पुढून दोन पंखे हवा आत ओढतात आणि मागून एक बाहेर टाकतो. ४० वर पुढं एकही नव्हता आणि एप्रिलच्या दुपारी माळ्यावरच्या पत्र्याखाली ते परवडलं नसतं. इथला हिशेब मला फार आवडला. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. आणि एकासारखा दुसरा लावला की आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबलनं. म्हणून एक जोरात पळवण्यापेक्षा दोन निवांत चालवावेत. माझे एरवी ७०० आरपीएमच्या आसपास असतात, रेंडरला ११००. १७०० पर्यंत एकदाच नेऊन बघितले. कंपनी त्या वेगाला २५.१ डेसिबल म्हणते, पण तीन एकत्र असताना ते स्पष्ट ऐकू येतात. महाग पंखा पूर्ण वेगात गप बसेल ही अपेक्षा ठेवून घेऊ नका. हे ४५० आरपीएमपर्यंत खाली उतरतात आणि तिथंही खरखर न करता फिरतात, मी पैसे दिले ते यासाठी.

पेटीत पंखा आणि चार स्क्रू, बाकी शून्य. दोन पंखे एका जागी जोडायला स्प्लिटर वेगळा घ्यावा लागला. रंग करडा, दिवे नाहीत. पुढं तिसऱ्या पंख्याची जागा रिकामी राहिली होती, तिथून आतलीच गरम हवा फिरून पुन्हा पुढं यायची, म्हणून एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून ती बुजवली. गणपतीचं चित्र आतल्या बाजूला आलंय.

पहिल्या आठवड्यात एक त्रास झाला आणि तो माझ्या सेटिंगचा होता. ब्राउझर उघडला की पंखे हुंऽ करून वर, परत खाली. रायझनचं तापमान क्षणात दहा अंश उडी मारतं, आणि पंखे त्या उडीमागं धावत होते. सलग आवाजाची कानाला सवय होते, वरखाली आवाजाची होत नाही. कॅबिनेटच्या पंख्यांना प्रोसेसरऐवजी मदरबोर्डाचं तापमान बघायला लावलं आणि वेग बदलायला उशीर लावायची सोय असते ती वाढवली. बोर्डाप्रमाणे तिचं नाव बदलतं, कुठं ते स्टेप अप टाइम असतं. तेव्हापासून दिवसभरात वेग बदललेला कळतही नाही.

नऊ महिन्यांत बेरिंगनं एकदाही कुरकुर केली नाही. पण आमच्याकडची धूळ साधी नाही. गाळपाचा हंगाम असला की उसाचं पाचट जाळल्याची काळी काजळी उडत येते, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते तशीच जाळीवरही बसते. पावसाळ्यात ओल धरून तिचा चिकट थर होतो. जुलैअखेर तापमान ५ अंशांनी चढलं होतं. जाळी साबणाच्या पाण्यात धुतली, पाती ओलसर फडक्यानं पुसली, बोटानं धरून. परत जागेवर. आता हंगाम सुरू झालाय, म्हणजे महिन्याला धुवावी लागणार.

एक आवाज मात्र राहिलाच. रेंडर चालू असताना बारीक चिर्रर्र येतो, रातकिड्यासारखा. सगळे पंखे क्षणभर थांबवून बघितलं तरी येतो, म्हणजे कॉइल व्हाइन. ग्राफिक्स कार्डावरची कॉइल विजेच्या चढउतारानं थरथरते, त्याचा. त्याला कुठलाही पंखा बदलून उपाय नाही. फ्रेम रेटला (सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला) मर्यादा घातली की गेममध्ये कमी होतो. रेंडरला मी रेकॉर्डिंग ठेवतच नाही.

आई खालच्या खोलीत झोपते. मार्चमध्ये कधीतरी तिनं वर हाक मारली, "झोपलास काय रं? काय आवाजच न्हाई." मी आपला रेंडर लावून बसलेला.

काढलेले तीन रंगीत पंखे काकांनी मागून घेतले होते. ऑगस्टमध्ये त्यांच्या घरी गणपतीला गेलो तर मखराच्या मागं राउटरच्या १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर तिन्ही गरगरत होते, निळे, लाल, हिरवे, आणि पुढची झिरमिळी हलत होती. तोच हेलकावा, घूंऽऽ वर, घूंऽऽ खाली. आरतीत कुणाला ऐकू आला नाही.