गच्चीवर बियांपासून डॉग फ्लॉवर: फुलदाणीसाठी आणि ताटासाठी

आपले नर्सरीवाले ज्याला डॉग फ्लॉवर म्हणतात, ते स्नॅपड्रॅगन मी पुण्यात गच्चीवर बियांपासून वाढवलं. ऑक्टोबर ते एप्रिल असा पूर्ण हंगाम पाहून लिहितेय. मला घरात ठेवायला लांब दांड्यांची फुलं हवी होती, शिवाय खाता येतील अशी, फवारणी न केलेली फुलंही हवी होती. फुलदाणीसाठी हे झाड अव्वल आहे. ताटात ते रंगापुरतं चालतं, चवीसाठी कुणी लावू नये.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाण. पाकिटावर उंची लिहिलेली नसेल तर घेऊ नका. कुंडीसाठीचे बुटके वाण वीतभर झाले की फुलतात आणि त्यांची दांडी फुलदाणीत बुडून जाते. मी रॉकेट आणि मॅडम बटरफ्लाय लावले. रॉकेट अडीच-तीन फूट जातं. १९६० साली अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नवे वाण लावून पारखणाऱ्या संस्थेचा मान मिळालेलं हे जुनं संकरित वाण आजही दमदार आहे. मॅडम बटरफ्लाय थोडं ठेंगणं, पण फुलं दुहेरी पाकळ्यांची.

बी म्हणजे निव्वळ काळी धूळ, एका ग्रॅममध्ये सहा हजारांच्या वर. चिमटीने पेरलं तर रोपांच्या ट्रेच्या एकाच खाचेत गर्दी होते. टूथपिकचं टोक ओलं करून एकेक बी उचललं की काम नीट होतं. बी चाळलेल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) नुसतं ठेवायचं, वरून काही घालायचं नाही, कारण उगवायला उजेड लागतो. झारीने पाणी दिलं तर बी वाहून जातं, म्हणून ट्रे परातीत ठेवून खालून पाणी पाजलं. पाऊस सरल्यावर पेरलेलं आठवड्या-दीड आठवड्यात उगवलं, पण पुढचा महिनाभर वाढ फार हळू असते. या काळात ओल जास्त झाली की रोपं बुडाशी सडून आडवी पडतात. वारा खेळता ठेवणं हाच खरा उपाय.

पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. फुलं दोन-तीन आठवडे उशिरा येतात, पण एका दांडीच्या जागी पाच-सहा मिळतात. मी काही रोपं मुद्दाम न खुडता ठेवली होती. त्यांची पहिली दांडी जाड, भरगच्च आली, नंतरच्या मात्र बारीक. गच्चीवर खुडणंच परवडतं. खताचं फार कौतुक नको, गांडूळखत पुरलं. आधाराला काठ्या आणि सुतळी मात्र लागतेच.

आता कापणी. खालची साधारण तिसरा हिस्सा फुलं उमलली की सकाळी लवकर कापायची आणि लगेच उभी पाण्यात ठेवायची. आडवी ठेवली तर काही तासांत शेंडे वर वळतात आणि तो बाक नंतर जात नाही. पिकलेल्या केळ्यांजवळ फुलदाणी ठेवू नका. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं गळतात.

आणि भुंगे! मोठा काळा भुंगा खालच्या ओठावर बसतो, त्याच्या वजनाने फुलाचं तोंड उघडतं आणि तो आत डोकं घालतो. बघायला फार सुंदर, पण परागीभवन झालं की ते फूल लवकरच अख्खं गळून पडतं. म्हणून फुलदाणीची दांडी भुंग्यांच्या आधी कापावी लागते. मॅडम बटरफ्लायची दाट पाकळ्यांची फुलं यात जास्त टिकली. पाणी रोज बदलून ती आठवडाभर छान राहिली.

खाण्याबद्दल. फूल त्याच्या बुडाशी असलेल्या हिरव्या कपासारख्या भागातून अलगद ओढून घ्यायचं, मिठाच्या पाण्यात बुडवून कापडावर सुकवायचं. चव फिकट, पालेभाजीसारखी, शेवटी किंचित कडू. श्रीखंडावर, काकडीच्या कोशिंबिरीवर पिवळी-गुलाबी फुलं देखणी दिसतात. गरम पदार्थावर टाकली की लगेच मलूल होतात. प्रथमच खाणाऱ्याने एखादंच फूल खाऊन बघावं. फुलवाल्याकडची किंवा नर्सरीतून फुललेली आणलेली फुलं अजिबात खाऊ नका, त्यांवर कीटकनाशक असू शकतं. फॉक्सग्लोव्हचीही दांडीवर नळीसारखी फुलं येतात आणि ते विषारी आहे. ज्या रोपाचं बी आपण स्वतः पेरलंय, तेच ताटात घ्यावं. माझ्याकडे मावा ही रस शोषणारी कीड आली तेव्हा खाण्याच्या कुंड्यांवर नुसता पाण्याचा जोरदार फवारा मारला.

फेब्रुवारीत पानांच्या खालच्या बाजूला तांबेरा या बुरशीच्या रोगाचे तपकिरी पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसले. ती पानं काढून टाकली, पाणी फक्त बुडाशी दिलं आणि कुंड्या लांब-लांब ठेवल्या. मार्चमध्ये दुसरा बहर आला, दांड्या आखूड पण रंग तेच. एप्रिलच्या उन्हात झाडं थकली. संकरित वाणाचं घरी धरलेलं बी तसंच उतरत नाही, म्हणून शेंगा ठेवल्या नाहीत. उरलेली पाकिटं हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवली आहेत.