बेसवर पेंटाटॉनिकच्या पाच पोझिशन्स : आठ महिन्यांनंतर

आठ महिने रोज अर्धा-पाऊण तास बेस गिटार हातात आहे आणि त्यातला निम्मा वेळ पेंटाटॉनिकवर, म्हणजे पाच स्वरांच्या स्केलवर गेलाय. नेकवर (गळ्यावर) ती पाच जागी वाजवता येते, त्याच या पाच पोझिशन्स किंवा 'बॉक्स'. आता बोलायला हरकत नाही.

सुरुवात सगळ्यांसारखीच, ए मायनर. सगळ्यात जाड ई तारेवर ५ आणि ८ वा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर), उरलेल्या तिन्ही तारांवर ५ आणि ७. दोन दिवसांत पाठ. छळलं ते करंगळीनं. आठव्या फ्रेटवर पोचायची, पण 'सी'ऐवजी नुसती घरघर. तीन आठवड्यांनी लक्षात आलं, अंगठा नेकवरून पुढे येऊन चिकटला होता. तो मागे, मधल्या बोटासमोर नेला, करंगळी फ्रेटच्या पट्टीला लगटून दाबली आणि स्वर स्वच्छ आला.

बेसवर एक सुख आहे. चारही तारा सा-म अंतरानं लावलेल्या, त्यामुळे गिटारवर बी तारेपाशी आकार मोडतो तसा इथे मोडत नाही. शिवाय ए, सी, डी, ई, जी हेच स्वर 'सी'ला सा मानून ऐका, सरळ भूपाचे स्वर : सा रे ग प ध. म्हणजे सी मेजर पेंटाटॉनिक. हे मला चौथ्या महिन्यात उमगलं. तोवर मेजरचे बॉक्स वेगळे घोकत होतो!

मग मित्रांबरोबर वाजवायला बसलो. कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वरसमूह) ए मायनर, एफ, सी, जी. मी बॉक्समध्ये मजेत. एफ आला आणि गिटारवाल्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली 'ई' लांबवत होतो. ए मायनर पेंटाटॉनिकमध्ये एफ आहेच कुठे? सोलोत तो गाळला तर खपतं, पण बेसनंच एफ दिला नाही तर कॉर्ड उभी कशावर राहणार? पाच बॉक्सचे तक्ते मुळात सोलोवाल्यांच्या सोयीचे, असं माझं मत तेव्हापासून झालंय.

आता रियाज उलटा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, पहिल्या ठोक्याला कॉर्डचा रूट, म्हणजे मूळ स्वर, मग पुढच्या रूटकडे जाताना पेंटाटॉनिकचे दोन-तीन स्वर. आधी रूट शोधायचा : 'ए' म्हटलं की ई तारेवर ५, डीवर ७, जीवर २ आणि १४.

पहिली पोझिशन रोज लागते. तिच्या खालची, २ ते ५ फ्रेटमधली, त्याहून कामाची. पण ३४ इंच तारेच्या बेसवर तिथे प्रत्येक फ्रेटला एक बोट धरलं की मनगट दुखतं. मी अनामिका सोडून तर्जनी, मधलं बोट, करंगळी वापरतो आणि हात सरकवतो. बाराव्या फ्रेटवरची चौथी पोझिशन मात्र अजून कच्चीच आहे, आणि तिची गरज एकदाही पडलेली नाही.