क्वो वाडिस, आयडा? : घरच्यांबरोबर बघा, पण मन घट्ट करून

काल रात्री सांगलीत घरी आई आणि दादासोबत हा २०२० चा बोस्नियन पिक्चर बघितला, अजून डोक्यातनं जात नाहीये. जुलै १९९५, बोस्नियातल्या युद्धाचा काळ, स्रेब्रेनित्सा, यूएननं सेफ एरिया म्हणून जाहीर केलेलं गाव, तिथं बोस्नियन सर्ब सैन्य घुसतं आणि हजारो माणसं यूएनच्या डच सैनिकांच्या तळाकडं पळतात. आयडा मूळची शिक्षिका, आता यूएनची दुभाषी, तिच्याकडं यूएनचा पास आहे पण नवरा आणि दोन पोरं अडकलेत, मग ती बाई नुसती पळतीय, या ऑफिसरकडं, त्या ऑफिसरकडं, माझ्या माणसांना वाचवा म्हणून. आणि लोकांना धीर द्यायची खोटी वाक्यं तिलाच भाषांतर करून सांगावी लागतात, तिथं माझ्या पोटात गोळा आला.

गर्दी बघून आई म्हणाली, २०१९ च्या पुरात आपण शाळेत असंच बसलेलो की रे, पण आपल्याकडं बोटी वाचवायला आलेल्या. इथं बस येतात आणि पुरुष वेगळे काढतात. ८००० हून जास्त पुरुष आणि मुलं मारली गेली तिथं. रक्त फारसं दाखवलं नाही तरी श्वास अडकतो. आयडा झालेल्या यास्ना ज्युरिचिचनं कमाल काम केलंय, तिचे ते डोळे! सबटायटल वाचावी लागतात, चालतंय. शेवट सांगत नाही, लहान पोरांना मात्र दाखवू नका.